एका चुलीवर जेवणारे

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी गारठा. नळाचं पाणी उशिरा आणि बारीक. भटूकडे भरताची वांगी आली, अजून महाग आहेत. दुपारच्या आधी सरकारी सर्वेक्षणाची मुलगी येऊन गेली, नाव यास्मिन. घरातल्या माणसांचा कामधंदा विचारला. चार महिने दर महिन्याला येणार म्हणाली. बेबाबाईंनी दार उघडलं नाही. जितू रात्रपाळीहून आला आणि झोपला.

चारुलताबाईंची रोजनिशी ही अशी असे. हवा, पाणी, भाजी, आलं-गेलं. त्या भुसावळच्या रेल्वे गार्डाची मुलगी. कॉन्व्हेंटात आठवीला एक गोव्याकडची सिस्टर होती, तिने ही सवय लावली. जे पाहिलं ते लिहायचं, जे वाटलं ते देवाला सांगायचं, असा तिचा दंडक होता. चारुलताबाईंनी तो लग्नानंतर पाळला आणि वैधव्यातही पाळला. नवरा लीलाधर बोंडे शेतकी खात्यात. केळीवरचा रोग बघायला रावेर, मग साक्री, मग धुळ्यात बरीच वर्षं, अशा बदल्या झाल्या. प्रत्येक गावची भाजी, दूध आणि पाऊस त्यांच्या वह्यांत होता. निवृत्तीनंतर जळगावात, मेहरूणला तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर बांधलं. करोनाच्या पहिल्या लाटेत लीलाधरराव गेले, तेव्हाही रोजनिशीत त्या दिवशीचं ऊन आणि दवाखान्यातून परत मिळालेली त्यांच्या कपड्यांची पिशवी एवढंच आलं. बाकीचं त्यांनी देवाला सांगितलं.

यास्मिन पंचविशी उलटलेली, डोक्यावर ओढणी, खांद्याला जाड पट्ट्याची पिशवी आणि हातात टॅबलेट. गळ्यातलं ओळखपत्र तिने आधीच पुढे धरलं होतं. तशी सवय पडलेली दिसली. चारुलताबाईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि तिला आत बसवलं.

"आजी, पहिलाच प्रश्न सोपा आहे," ती म्हणाली. "ह्या घरात एका चुलीवर जेवणारी माणसं किती?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. एका छताखाली चार चुली असल्या, तर ती चार कुटुंबं. तुमचं घर निवडीत आलंय, तर तुमच्या चुलीवर जेवणारे कोण, तेवढंच मला हवं."

चारुलताबाईंनी "एक" म्हणायला हवं होतं. वरच्या मजल्यावर जितूची चूल वेगळी होती. सहा वर्षांपूर्वी सून पुनम आणि त्या यांच्यात स्वयंपाकघरात अवघडलेपण आलं. भांडण कधी झालं नाही. झालं असतं, तर मिटलंही असतं. लीलाधररावांनी वर ओटा बांधून दिला, नळ दिला आणि म्हणाले, लांबून गोडी राहील. पण राखीपासून पुनम मुलीला, पिल्लूला, घेऊन पारोळ्याला माहेरी होती. तिच्या वडिलांचं अंग एका बाजूने गेलं आहे, म्हणून गेली, असं चारुलताबाई सगळ्यांना सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. आता ह्या अनोळखी मुलीपुढे कसं म्हणायचं, की एकुलता एक मुलगा डोक्यावर राहतो आणि आईच्या हातचं जेवत नाही?

"दोन," त्या म्हणाल्या. "मी आणि मुलगा, जितेंद्र."

"मग जितेंद्र लीलाधर बोंडे यांचंही मला भरावं लागेल."

"भर की. चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. एमआयडीसीत."

"पगार महिन्याचा? भरपगारी रजा मिळते? लेखी करार आहे?"

चारुलताबाई प्रत्येकाला हो म्हणत गेल्या. मग मुलीने गेल्या सात दिवसांचा एकेक दिवस घेतला. सोमवारी किती तास काम, रविवारी किती. सुट्टीचा वार कोणता. "रविवार," त्यांनी ठोकून दिलं. बँकेची सुट्टी रविवारी, शाळेची रविवारी, कारखान्याची दुसरी कोणती असणार?

यास्मिन गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. भाजीवाला भटू सोमवारी येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दूधवाल्याचा भाऊ कधी येतो, पेपरवाला कोणत्या सणाला दांडी मारतो, सगळं ठाऊक होतं. जितूचा सुट्टीचा वार ठाऊक नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या बेबाबाई कुंपणापाशी आल्या. त्या साक्रीकडच्या. चाळीस वर्षं जळगावात राहूनही त्यांची बोली बदलली नव्हती.

"अक्का, ती पोर कोन शे? दारदार काय इचारस?"

"कामधंदा विचारते. सरकारचं काम आहे."

"कामधंदा कसाना. तुम्ही कोठला, कधी उनात, बठ्ठा कागद देखतस म्हने. मी तं कडी लायी लिधी."

"कुठून आलात, कधी आलात, असं तुम्हांला कोण विचारणार? बेबाबाई, तुमचे पणजोबा साक्रीचे. तुम्हांला कशाची भीती?"

"भीती नई. पन कडी लावाले काय जास?"

ह्यावर चारुलताबाईंना हसू आलं. मात्र त्या रात्री त्यांनी आपल्याही दाराची कडी दोनदा तपासली.

महिनाभर त्या वरच्या जिन्याकडे कान लावून राहिल्या. आपण चुकीचं सांगितलं, ते पुढच्या वेळी नीट सांगावं, एवढाच त्यांचा हेतू होता, असं त्या स्वतःला सांगत. वरच्या न्हाणीघराचा पाइप त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून खाली उतरत असे. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यातून पाणी धो-धो वाजे. म्हणजे जितूने अंघोळ केली. मग तो जिना उतरे, "येतो गं" म्हणे आणि जाई. सकाळी परत येई. हे रोज होत होतं, रविवारीही. पण त्याच्या हातात डबा नसे. खांद्याला पूर्वी कारखान्याची निळी पिशवी असे, तीही दिसत नव्हती. आणि तो वाळला होता. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती.

"जितू, तुझी सुट्टी कोणत्या वारी असते रे?" एकदा त्यांनी विचारलं.

तो पायरीवर थांबला. उत्तर आत कुठेतरी ठेवलं आहे आणि ते सापडत नाही, असं त्याचं तोंड झालं. "काही ठरलेलं नाही. मंगळवार."

डिसेंबरात यास्मिन आली तेव्हा त्यांनी मंगळवार सांगितला.

"मागच्या वेळी रविवार होता," ती टॅबलेटवर बघत म्हणाली. आवाजात संशय नव्हता. "बदलला असेल. आजी, दादांनाच विचारलं तर बरं होईल. दोन मिनिटं लागतील."

"झोपलाय. रात्रपाळी करून आलाय."

"मग राहू द्या."

त्या दिवशी चारुलताबाईंनी तिला चहा दिला आणि ती बसली. सकाळपासून चार दारं तिच्या तोंडावर बंद झाली होती.

"रोज विचारतात, तुम्ही कुठल्या. मी म्हणते धुळ्याची. मग विचारतात, त्याच्या आधी कुठल्या. मी म्हणते, त्याच्या आधीपण धुळ्याची." ती हसली. "अब्बांचा यंत्रमाग आहे. आजोबांचा हातमाग होता. आमच्या जन्माचे दाखले उशिरा काढलेले, आता म्हणे पुन्हा तपासणार. अब्बा महिनाभर कचेरीत खेटे घालतायत. आणि इथे लोकांना वाटतं, मीच नागरिकत्व तपासायला आलेय."

"तू लोकांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू? की मलाच भीती वाटते?"

चारुलताबाईंनी तिच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

नाताळच्या आसपास थंडी वाढली. त्यांनी एका दुपारी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. संध्याकाळी जितू गेल्यावर डबा भरला, शाल घेतली आणि रिक्षाने एमआयडीसी गाठली. विसरलेला डबा द्यायला आले, असं सांगायचं त्यांनी वाटेत ठरवलं. कारखान्याच्या फाटकाशी खुर्चीवर वॉचमन बसला होता, धनसिंग. तो त्यांना ओळखत होता. लीलाधररावांच्या तेराव्याला येऊन गेलेला.

"अक्का, तुम्ही इतक्या लांब?"

"जितूचा डबा राहिला."

धनसिंग उभा राहिला. फाटकाकडे बघून म्हणाला, "जितूभाऊ तं गणपतीपासून येत नाहीत, अक्का."

आत यंत्रं चालू होती. प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्यांचे भारे एका कामगाराने ढकलत नेले. चारुलताबाई ते नीट बघत राहिल्या. लाल, हिरवी, पुन्हा लाल.

"काही झालं होतं का?"

"यंत्राजवळ झोप लागायची त्यांना. उभ्याउभ्या. साहेबांनी दोनदा समजावलं. नंतर..." त्याने डब्याकडे पाहिलं. "मला वाटलं, घरी माहीत असेल."

"माहीत आहे," चारुलताबाई म्हणाल्या. "डबा तुम्हीच खा. भरीत आहे, गार झालं तर चव जाईल."

रोजनिशीत त्यांनी लिहिलं: भरीत केलं. धनसिंगला डबा दिला. पण देवाला काय सांगावं, हे त्यांना त्या दिवशी सुचलं नाही. आणि जितूलाही त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं, तर उत्तर येईल, आणि उत्तर आलं, की त्याचं काहीतरी करावं लागेल, ह्या भीतीने त्या नुसत्या पाइपातलं पाणी ऐकत राहिल्या. पाणी वाजलं, की त्यांना हायसं वाटे. मग तो जिना उतरून जाई, आणि तो जातो तरी कुठे, हा घोर सकाळपर्यंत पुरे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी यास्मिन तिसऱ्यांदा आली. चारुलताबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"एका चुलीवर जेवणारे दोनच ना, आजी?"

"दोनच."

"दादांचं गेले सात दिवस?"

"रात्रपाळी," असं म्हणायला चारुलताबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावर धप्पकन आवाज झाला. जितू पाण्याची बाटली घेऊन उतरत होता आणि शेवटची पायरी त्याला दिसली नव्हती. भिंतीला धरून तो सावरला. दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले. चाळिशीतला माणूस, पण वृद्धासारखा पाय घासत माठापर्यंत गेला.

"कोण आहे?" त्याने विचारलं. शब्द ओढत, एकेक.

"तुझ्या कामाचं विचारायला आल्या आहेत."

"सांग की. चालू आहे." बाटली अर्धी भरली, तशीच घेऊन तो वर गेला.

यास्मिन त्याच्याकडे बघत होती. पावलांचा आवाज थांबला. मग तिने टॅबलेट बंद केला आणि पिशवीत ठेवला. पिशवीची चेन लावली.

"आजी, आता विचारते ते माझ्या प्रश्नांत नाही. नाही सांगितलं तरी चालेल. दादा गोळ्या घेतात का?"

"कसल्या गोळ्या? त्याला कधी तापसुद्धा येत नाही."

"झोपेच्या."

"रात्रपाळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी दिल्या होत्या. दिवसा झोप यावी म्हणून. त्याला आता किती वर्षं झाली."

यास्मिनने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझा भाऊ होता, रेहान. मामूच्या गॅरेजात होता. आमच्याकडे धुळ्यात पोरं त्या गोळ्या नशेला खातात, कुत्ता गोळी म्हणतात. अम्मी सगळ्यांना सांगायची, रेहान रोज गॅरेजला जातो. तो जात नव्हता. तिला माहीत होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. मागच्या रमजानात सकाळी उठवायला गेली, तर तो उठलाच नाही."

चारुलताबाई वर छताकडे बघत होत्या.

"दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून, असं आलं. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरताना कारकून विचारतो, बिडी-सिगारेट किती वर्षं, तंबाखू किती वर्षं, सुपारी किती, दारू किती. अब्बा प्रत्येकाला नाही, नाही म्हणत होते. आणि दर वेळी त्यांची मान थोडी वर जात होती. पोरगं किती चांगलं होतं, हे सरकारला कळतंय, असं." तिने बोटावरची ओढणी सोडली. "गोळ्यांचं कुणी विचारलं नाही. त्याचा रकानाच नाही. खोटं कुणी बोललं नाही, आजी. पण गोळ्यांनी किती जण गेले, हा आकडा कधी निघाला, तर त्यात माझा रेहान नसेल. मी आकड्यांचं काम करते आणि माझा भाऊ कुठेच मोजलेला नाही."

"जितूचं तसं नाही," चारुलताबाई म्हणाल्या.

"नसेलच," यास्मिन उठली. "गोळ्या असल्या तर एकदम बंद करू नका, त्यानेही जिवावर बेततं. डॉक्टरांना सांगून. आणि आजचे सात दिवस मी उद्या भरते. उद्या येऊ?"

"ये."

दुपारभर त्या तिळगुळाचा डबा पुढ्यात घेऊन बसल्या. चार वाजले, पाच वाजले. खिडकीजवळचा पाइप वाजला नाही. त्यांनी वाट पाहिली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पाइप गप्पच होता.

गुडघ्यांमुळे त्या वर जात नसत, हे खरंच होतं. पण पुनमची चूल वर मांडल्यापासून त्या तिकडे पाहुण्यासारख्याही गेल्या नव्हत्या, हेही खरं. कठड्याला धरून, दर पायरीला थांबत त्या चढल्या. दार नुसतं लोटलेलं होतं.

खोलीत जितू पलंगावर आडवा, पाय खाली लोंबते. घशातून घरघर येत होती, आणि दोन घरघरींच्या मधे इतका वेळ काहीच येत नव्हतं, की चारुलताबाई दर वेळी पुढची यायची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांनी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

गोळ्या शोधायला त्या ओट्याकडे वळल्या. ओटा कोरडा ठणठणीत होता. शेगडीवर धुळीचा थर. ओट्याखालच्या सिलिंडरचं प्लॅस्टिकचं सील तसंच होतं, न फोडलेलं. पुनम जायच्या आधी कधीतरी तो भरून आला असावा. पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, तर आत पीठ नव्हतं. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, डबाभर. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की इतके महिने ह्या घरात दोन चुली नव्हत्याच. एकच होती, त्यांची. आणि मुलगा तिच्यावर जेवत नव्हता.

त्यांनी मूठभर पट्ट्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि गच्चीच्या कठड्यावरून हाक मारली, "बेबाबाई!"

कडी निघाल्याचा आवाज आला. बेबाबाई आल्या, मागोमाग त्यांचा मुलगा नवल. तो रिक्षा चालवत असे. त्याने जितूला पाठीवर घेतलं आणि जिना उतरवला. रिक्षात जितूचं डोकं चारुलताबाईंच्या मांडीवर होतं. त्यांचा तळहात त्याच्या नाकापुढे होता आणि त्या श्वास ओला लागतो का, एवढंच बघत होत्या.

बेबाबाईंनी शेजारी बसून त्यांचा दंड धरला होता. त्यांनी गाठीतल्या पट्ट्या पाहिल्या होत्या.

"अक्का, माले काही समजत नई असं समजू नका," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टरले सांगा, छातीमा कळ उनी. गोयीस्नं नाव लेऊ नका. पोलीस येतीन. तुमनी नात शे, तिनं लगन करनं शे पुढे. सून तिकडून काय समजी? छातीमा कळ सांगा."

बाई वाईट सांगत नव्हती. आपल्या घरात झालं असतं, तरी तिने हेच केलं असतं. चारुलताबाईंना एकाएकी त्या धुळ्याच्या माणसाची मान दिसली, दर नाहीला थोडी वर जाणारी.

दवाखान्यात खिडकीवरच्या कारकुनाने केसपेपर ओढला. "नाव? वय? धंदा?"

"चटईच्या..." त्या थांबल्या. "काही नाही. नोकरी सुटली आहे."

आत स्ट्रेचरजवळ तरुण डॉक्टर जितूची पापणी उचलून बघत होता. "काय झालं? काही घेतलंय का यांनी?"

बेबाबाई पाठीमागे होत्या. नवल होता. पलीकडच्या खाटेजवळ मेहरूणच्याच दोन बायका होत्या. त्या चारुलताबाईंना देवळात भेटत आणि अक्का म्हणत. आयुष्यभर जे पाहिलं ते त्यांनी लिहिलं होतं, पण मोठ्याने, चारचौघांत, कधी सांगितलं नव्हतं.

"आजी, लवकर. छातीत दुखत होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. "झोपेच्या गोळ्या खातो. किती वर्षं खातो ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ह्या घ्या. घरी डबाभर आहेत."

डॉक्टरने पट्टी उजेडात धरली आणि मोठ्याने कुणाला तरी काही आणायला सांगितलं. पडदा ओढला गेला. मागून बेबाबाईंचा सुस्कारा ऐकू आला. नंतर त्यांचा हात पुन्हा दंडावर आला. त्यांनी तो रात्रभर काढला नाही.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोळे उघडले आणि आईला बघून भिंतीकडे तोंड केलं. चारुलताबाईंनी चमच्याने पेज भरवली. त्याने ती भिंतीकडे तोंड ठेवूनच खाल्ली. घरी येईपर्यंत तो थोडं थोडं बोलला. संध्याकाळी निघून तो बसस्टँडवर बसे. कधी पारोळ्याच्या गाडीत चढे. पारोळ्याला उतरे, सासुरवाडीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाई आणि परतीची गाडी धरे.

"पुनमला दिसलास कधी?"

"नाही. एकदा पिल्लूचा आवाज आला. पाढे म्हणत होती."

आता गोळ्या चारुलताबाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. मनोविकाराच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत नेण्याचा क्रम लिहून दिला होता. कधी जितू लहान मुलासारखा अर्धी जास्त मागे. कधी रागाने पाणी सांडे. तो न्हाणीघरात वेळ लावी, तेव्हा त्या दाराबाहेर उगाच भांडी वाजवत, म्हणजे तो आतून "काय आहे?" म्हणे. पुनमला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. "बघते," एवढंच म्हणाली. पण दोन दिवसांनी तिचाच फोन आला, जेवतात का म्हणून.

यास्मिनचे ते सात दिवस राहूनच गेले होते. ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि तिला आत बोलावून काय झालं ते सांगितलं ते बेबाबाईंनी. कडी काढून, चहा देऊन.

फेब्रुवारीत ती शेवटची आली. जितू खाली, स्वयंपाकघरात पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. हात कापत होते, दाणे इकडेतिकडे उडत होते.

"एका चुलीवर जेवणारे?" यास्मिनने विचारलं.

"दोन," चारुलताबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आधीचं मी चुकीचं सांगितलं होतं. ते खोडता येतं का?"

"गेलेले महिने गेले, आजी. ते वर पोचले. ह्या महिन्याचं सांगा."

"मग त्यालाच विचार. बसलाय समोर."

यास्मिन वळली. "दादा, गेल्या सात दिवसांत काही काम केलं?"

"नाही."

"काम शोधलं?"

"नाही."

"मिळालं असतं तर केलं असतं?"

जितूने शेंग हातात फिरवली. आईकडे बघितलं, पण चारुलताबाई मुद्दाम फोडणीकडे वळल्या होत्या. "आत्ता नाही," तो म्हणाला. "आजारी आहे. बरं वाटलं तर."

यास्मिनने बोट टेकवलं. "झालं."

"माझं नाव जाईल का कुठे?" त्याने विचारलं.

"नाव कुणाचंच जात नाही. आकडा जातो."

"बेकारांत?"

"नाही. जे काम शोधतात ते बेकार. तुम्ही दुसरीकडे." तिने टॅबलेट पिशवीत ठेवला. "पण आहात मोजणीत."

जाताना चारुलताबाईंनी तिच्या वडिलांच्या दाखल्यांचं विचारलं. अजून झालं नव्हतं, पुढची तारीख मिळाली होती. त्यांनी तिला शेंगांची पिशवी दिली आणि मुक्काम असेल तेव्हा जेवायलाच ये म्हणाल्या. ती हो म्हणाली. येईल की नाही, कुणास ठाऊक. बेबाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांनी तिला फाटकापर्यंत सोडलं.

चारुलताबाई परत आत आल्या, तर पाट रिकामा होता. कमरेची किल्ली त्यांनी चाचपली. ती होती. त्या जिन्याकडे धावल्या, धावता येत होतं तेवढं.

"आई, जरा बाजूला हो," वरून आवाज आला. जितू पायरी-पायरीने काहीतरी जड खाली आणत होता. दर पायरीला टेकत, दम खात.

रोजनिशीत त्या संध्याकाळी हवा, वांगी आणि यास्मिन येऊन गेल्याचं लिहून झाल्यावर शेवटची ओळ त्यांनी अशी लिहिली:

वरचा सिलिंडर खाली आणला. सील फोडून खालच्या शेगडीला जोडला.